टोपल्यातली सात पानं: सातपुड्याच्या पायथ्याच्या एका रानभाजी-भटकंतीचं प्रकरण

भाजी निवडायला बसलेल्या बाईच्या हातात ते पान आलं तेव्हा सकाळचे सव्वादहा वाजले होते. फोडशी या रानभाजीच्या ढिगातलंच एक हिरवं, लांबट पान. बाकीच्यांसारखंच उभ्या शिरांचं, तसंच लुसलुशीत. फक्त शेंड्याकडे ते निमुळतं होत होत दोऱ्याएवढं बारीक झालं होतं आणि टोकाला किंचित वळलं होतं. बाईने तो शेंडा बोटाभोवती गुंडाळून पाहिला, पान बाजूला ठेवलं आणि शेजारणीला म्हणाली, "हाई भाजी नही शे." चुलीवरचं पातेलं खाली उतरलं. सगळा ढीग गोणपाटावर पसरून एकेक पान पाहिल्यावर तशी सात पानं निघाली. सातही विषारी कळलावीची.

कोणी काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे बाहेरून पाहता काहीच घडलं नाही. पण खानदेशात आता पावसाळी भटकंत्या वाढल्या आहेत. पक्षी पाहायचे, रानभाज्या ओळखायच्या, गावातच जेवायचं, असा तो बेत असतो. ही सात पानं टोपल्यापर्यंत कशी आली हे नीट पाहिलं, तर अशा बहुतेक भटकंत्यांची मांडणी कुठे कच्ची असते ते दिसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडलं आहे. गाव शिरपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

बेत असा होता

जुलैचा पहिला आठवडा. पेरण्या आटोपलेल्या, कपाशी वीतभर वर आलेली. धुळे, शिरपूर आणि अमळनेरहून आलेली अठरा माणसं, त्यांत पाच मुलं. माणशी शुल्क ४५० रुपये. सोबत गावातले दोन तरुण वाटाडे. दोघांनाही पक्ष्यांची चांगली जाण आहे. दुर्बिणी दोन, अंतर साडेतीन किलोमीटर. सव्वासहाला निघून आठपर्यंत नाल्याकाठाने पक्षी, आठ ते साडेनऊ बांधांवरून रानभाजी, मग गावात येऊन स्वयंपाक आणि बाराला जेवण. स्वयंपाकासाठी गावातल्या तीन बाया ठरवलेल्या, एक पावरा आणि दोघी अहिराणी बोलणाऱ्या. वाटाड्यांना प्रत्येकी १००० रुपये, बायांना ३००.

या आकड्यांतच प्रकरणाचं मूळ आहे, त्यावर पुढे येतोच.

पहिला टप्पा उत्तम झाला. पावशा 'पेरते व्हा' करत होता, विजेच्या तारेवर चातक दिसला, जुन्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लागायला सुरुवात झाली होती. नर अर्धवट विणलेल्या घरट्यांना उलटे लटकून पंख फडफडवत होते. मुलांना दाखवायला याच्याइतकं सोपं आणि मनात राहणारं दृश्य नाही: पक्षी जागा सोडत नाही, दुर्बीण लागत नाही आणि वीस पावलांवर थांबलं तर त्याच्या कामात खंडही पडत नाही.

दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक कुटुंबाला एक कापडी पिशवी दिली गेली. एका वाटाड्याने फोडशीचा एक गड्डा दाखवला, तरोट्याचं एक रोप दाखवलं, कुर्डू आणि केना दाखवला. मग सगळे बांधांवर पांगले. पोरांची शर्यत लागली, कोणाची पिशवी आधी भरते याची. दीड तासात साधारण तीन किलो पाला जमला. गावात आल्यावर साऱ्या पिशव्या एकाच टोपल्यात रिकाम्या झाल्या.

फोडशी आणि कळलावी

शेतात दोन्ही झाडं शेजारी उभी असतील तर गल्लत होणं कठीण. फोडशीला काही गावांत कुली म्हणतात, काही ठिकाणी मुसळीची भाजी. तिला खोड नसतं. सगळी पानं जमिनीतून एकाच जागी, गवताच्या थोंबासारखी निघतात, बुडाशी एकमेकांना मिठी मारून पांढरी होतात. खाली मातीत बोटांसारख्या मुळ्यांचा घोस असतो. फुलं आली तर मधून एक दांडा निघतो आणि त्यावर लहान पांढरी, सहा पाकळ्यांची फुलं लागतात.

कळलावी म्हणजे वेल. विदर्भात आणि घाटाकडे तिला खड्यानागही म्हणतात. तिला स्पष्ट खोड असतं, पानं त्या खोडावर लागतात, देठ नसतो आणि पानाचा शेंडा लांबून तणाव्यासारखा होतो. त्या शेंड्याने ती शेजारच्या काटेरी झुडपाला धरून वर चढते. श्रावणाच्या आसपास तिला लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं येतात, तेव्हा तिला कोणीही ओळखेल. जमिनीखालचा कंद दोन फाट्यांचा, कोनात वाकलेला असतो. लांगली हे तिचं संस्कृत नाव नांगरावरूनच आलं आहे.

अडचण अशी की फोडशी खुडण्याचे दिवस आणि कळलावीचा कोंब वर येण्याचे दिवस एकच, म्हणजे पहिल्या दमदार पावसानंतरचे तीन-चार आठवडे. तेव्हा कळलावीला फूल नसतं, वेलही वीत-दीड वीत उंच, कुंपणाच्या गवतात उभी असते. आणि तिच्या खालच्या पानांना तो वळणारा शेंडा बहुतेक वेळा नसतोच, तो वरच्या पानांना येतो. अशा कोंबाची पानं खुडून हातात घेतली की उरतं काय? एक लांबट, हिरवं, समांतर शिरांचं पान. फोडशीचं सुटं पानही तसंच. खोड आहे की नाही, बुडाशी पांढरा गड्डा आहे की नाही, वेल कशाला धरून चढली आहे, ही ओळखीची सगळी खूण बांधावर राहिली आणि टोपल्यात फक्त हिरवा रंग आला.

सातांतल्या तीन पानांना शेंड्याची खूण होती, चारांना जवळजवळ नव्हती. त्या चारांची ओळख बाईने बुडावरून पटवली: फोडशीचं पान बुडाकडे घडी पडून पन्हाळीसारखं होतं आणि पांढुरकं असतं, ही पानं बुडाशी रुंद होती आणि जिथून तुटली तिथे खोडाची साल चिकटलेली होती. जिने वर्षानुवर्षं फोडशी निवडली आहे तिलाच हे दिसतं. एका सहभागी तरुणाने निघालेल्या पानाचा फोटो काढून झाड ओळखणाऱ्या अॅपला दाखवला, तर अॅपने ते फोडशीच्याच कुळातलं सांगितलं. दोष अॅपचा नाही. तळहातावरच्या सुट्या पानात जेवढी माहिती होती तेवढ्यावरून त्याने अंदाज केला.

खाल्लं असतं तर

कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात सर्वांत जास्त. शिजवल्याने ते जात नाही, वाळवल्यानेही जात नाही. पाणी काढून टाकलं की विष उतरतं ही समजूत काही कंदांच्या बाबतीत खरी आहे, कळलावीच्या बाबतीत नाही.

याहून घातक आहे ते विषाचं वेळापत्रक. जेवल्यावर लगेच काही होत नाही. साधारण दोन ते बारा तासांनी, कधी चोवीस तासांपर्यंत, उलट्या, पोटात कळा आणि पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. माणूस तेव्हा घरी पोचलेला असतो आणि बाहेरचं पाणी बाधलं असं समजून घरगुती उपाय करतो. कधी पहिल्या दिवसानंतर थोडा आराम वाटतो. पण त्यानंतरच्या दिवसांत रक्तपेशी, मूत्रपिंड, हृदय, श्वास यांवर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे संशय आला तर लक्षणांची वाट पाहायची नाही. १०८ वर फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जायचं, उरलेली भाजी आणि न शिजवलेली पानं पिशवीत घालून सोबत न्यायची आणि 'कळलावीचा संशय आहे' हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, तूप किंवा दूध पाजणं यात वेळ जातो, आणि गुंगीत असलेल्या माणसाला उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका वेगळाच.

त्या दिवशी तीन किलोचा पूर्ण ढीग टाकून दिला गेला, आणि ते बरोबरच होतं. सात पानं सापडली म्हणजे सातच होती असं कोणी सांगू शकत नाही. चिरलेल्या भाजीत तर शोधणंच अशक्य. एकाने तो पाला शेळ्यांपुढे टाकायचं सुचवलं. बायांनी तेही थांबवलं, कारण कळलावी जनावरांनाही मारते. गावाबाहेर हातभर खड्डा करून पाला पुरला. जेवणात मग कळण्याची भाकरी, ठेचा आणि पिठलं झालं.

चूक कुठे झाली

पहिला दोष शर्यतीवर जातो आणि तो खराही आहे. पण शर्यत नसती तरी गल्लत झाली असती, फक्त कमी पानांची. मोठी चूक ही की ज्यांना भाजी कळते त्या तीन बाया चुलीपाशी होत्या आणि ज्यांना पक्षी कळतात ते दोघे बांधावर. बायांना 'स्वयंपाकवाल्या' म्हणून बोलावलं होतं, मोबदलाही तसाच ठरला होता. त्या सकाळी सरपण आणि दळण पाहत होत्या. भाजी त्यांच्यापुढे आली ती खुडून, मिसळून. निवडायला बसल्या म्हणून वाचलो. त्या दिवशी घाई असती आणि पाला धुवून थेट विळीवर गेला असता, तर ती अखेरची चाळणीही राहिली नसती.

वाटाडे कमी पडले असं म्हणणं अन्यायाचं होईल. पक्षी दाखवणाऱ्याची नजर वरच्या फांदीवर असते. चुकून टिटवीला दुसरं नाव दिलं तर टिटवीचं काही बिघडत नाही. भाजी दाखवणाऱ्याची चूक मात्र पोटात जाते. दोन्ही कामांसाठी 'निसर्ग वाटाड्या' हा एकच शब्द वापरला जातो, म्हणून ती एकाच माणसावर टाकली जातात.

त्याच सकाळी घडलेली दुसरी गोष्टही याच जातीची. सागाच्या जंगलाच्या कडेला एकाने फोनवर रानपिंगळ्याची हाक वाजवली. रानपिंगळा खानदेशाचा मानाचा पक्षी. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, १८८४ नंतर खात्रीची नोंद मिळेना आणि तो संपला असं मानलं जाऊ लागलं. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळच्या जंगलात जिवंत सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता, नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने होते. हा पिंगळा दिवसा शिकार करतो. फोनची हाक ऐकून त्याला वाटतं हद्दीत परका नर आला. तो शिकार सोडून उत्तर देतो, पवित्रा घेऊन बसून राहतो. विणीच्या दिवसांत हे वारंवार झालं तर घरट्याला उपास घडतो. त्या दिवशी उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने शेताकडच्या चिंचेवर एक पिंगळा बसलेला दिसला आणि अॅपवाल्यांनी तोच रानपिंगळा ठरवला. तो साधा ठिपकेवाला पिंगळा होता. डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असले तर तो रानपिंगळा नव्हे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, पोट पांढरं स्वच्छ, पंख-शेपटीवर जाड पांढरे पट्टे, आणि बैठक सागाच्या उघड्या फांदीवर. गावाच्या चिंचेवर बसलेल्या पिंगळ्याचा पत्ताच बरंच काही सांगून जातो.

दुसऱ्या खेपेला काय बदललं

दहा-बारा दिवसांनी त्याच गावात पुन्हा भटकंती ठरली. माणसं पंधरा, शुल्क ५००. तिन्ही बाया सकाळपासून बांधावर, आणि त्यांचा मोबदला वाटाड्यांइतकाच, १००० रुपये. दळण आदल्या दिवशी झालेलं. पाच-पाच माणसांमागे एक बाई. जमाखर्च जेमतेम बसतो: पाच जणांचे ५०००, शिधा-सरपण १३००, उरलेले १२०० गाडी आणि अडीअडचणीला. याहून स्वस्त भटकंती करायची तर माणसं कमी करता येत नाहीत, मग बायांवरच कात्री चालते. ती चालवू नये.

खुडण्याची रीत एका गोष्टीने बदलली. बाजारात फोडशी जुडीने मिळते, आणि जुडीतल्या प्रत्येक गड्ड्याचं पांढरं बूड शाबूत असतं. विकणारी तसं उगाच करत नाही, बुडावरूनच गिऱ्हाईक भाजी ओळखतं. बायांनी तोच नियम बांधावर लावला: सुटं पान घ्यायचंच नाही. गड्ड्याच्या बुडाशी बोटं घालून, मातीच्या अगदी वर, नखभर पांढरा भाग धरून विळ्याने कापायचं. मग पानं आपोआप एकत्र राहतात. वेलीचं पान असं एका गड्ड्यात येऊच शकत नाही. मूळ मातीतच राहतं आणि गड्डा पुन्हा फुटतो. चार गड्ड्यांतला एकच घ्यायचा. ज्याच्या मधून फुलाचा दांडा निघाला तो सोडायचा, त्याची पानं जरड झालेली असतात आणि पुढच्या वर्षाचं बी त्याच्यावर असतं.

एका पिशवीत एकच भाजी. पिशवी बदलल्याशिवाय दुसऱ्या भाजीला हात नाही. बाई आधी स्वतः एक गड्डा काढून देते, त्याच ताटव्यात हाताच्या अंतरावर बाकीचे खुडतात, ताटवा बदलला की पुन्हा तिची परवानगी. कळलावीचा एक कोंब मुद्दाम शोधून, न तोडता, सगळ्यांना जागेवर दाखवला गेला. खाण्याजोगं दाखवण्याआधी विषारी दाखवायचं, हा क्रम फार उपयोगी पडतो. मुलं नंतर प्रत्येक लांबट पानाच्या शेंड्याकडे आपण होऊन पाहू लागली.

तरोट्याबद्दलही एक दुरुस्ती झाली. त्याच्याशी गल्लत होते ती कासविंद्याची. तरोट्याला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाला गोल आणि रुंद. कासविंद्याला चार-पाच किंवा जास्त जोड्या, टोकाला अणकुचीदार, आणि पान चुरगळलं की उग्र वास. कासविंद्याच्या बिया मुलांच्या यकृताला आणि मेंदूला घातक ठरल्याच्या नोंदी आहेत, म्हणून मुलं सोबत असताना त्याच्या शेंगांना हात लावू द्यायचा नाही. पहिल्या खेपेला तरोटा दाखवला तेव्हा ढगाळ सकाळ होती आणि त्याच्या पर्णिका पुरत्या उघडल्या नव्हत्या. रात्री त्या मिटतात. मिटलेल्या पानाच्या जोड्या मोजायला शिकवणं निरर्थक. आता तरोटा ऊन आल्यावरच दाखवतात.

भूछत्रं, कुठल्याही कंदाची खोदाई आणि नाल्यातला रानअळू हे तिन्ही यादीतून काढले. रानअळू ओळखायला सोपा आहे, पण त्यातल्या सुयांसारख्या स्फटिकांनी घसा खाजतो. तो नीट उकळून, चिंच घालून, बराच वेळ शिजवावा लागतो, आणि भटकंतीच्या जेवणात तेवढा वेळ कोणी देत नाही.

बांध कोणता

दुसऱ्या खेपेला दोन बांध ऐनवेळी वगळावे लागले. कपाशीच्या आणि मक्याच्या शेतात तणनाशक मारताना बांधही फवारले जातात. पुष्कळांना वाटतं, फवारलेला पाला पिवळा दिसेल. ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाचा परिणाम दिसायला आठवडाभरही लागतो, तोपर्यंत पान हिरवंगार आणि उलट कोवळं दिसतं. पानाकडे पाहून निर्णय करता येत नाही, शेतकऱ्याला विचारावंच लागतं, तेही आदल्या दिवशी: या मोसमात बांधावर काय मारलं, कधी मारलं? मारलं असेल तर तो बांध त्या पावसाळ्यापुरता सोडायचा. केळीच्या बागेच्या कडेला आणि डांबरी रस्त्यालगतही खुडायचं नाही.

आणि खुडायचं ते खाजगी बांधावर, मालकाला विचारून. अभयारण्यात बाहेरच्या माणसाने पानही तोडू नये, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते मना आहे. तालुक्यातच अनेर धरणाचं अभयारण्य आहे, म्हणून हद्द कुठून सुरू होते हे वाटाड्याला पाठ हवं. जंगलातला गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथल्या आदिवासी आणि परंपरागत वननिवासींना दिला आहे. ५०० रुपये भरून तो हक्क पाहुण्याला मिळत नाही. जंगलात शिरल्यावर पिशव्या बंद, फक्त डोळे आणि कान उघडे.

चुलीपाशी

त्या दिवशी भाजी जमली दीड किलो, पहिल्या खेपेच्या निम्मी. निवडल्यावर एक किलो उरली. निवडणं म्हणजे प्रत्येक गड्डा हातात घेऊन बूड कापणं, आतला कडक दांडा असला तर ओढून काढणं आणि पानं मोकळी करणं. हे काम आता पाहुण्यांनाही बसवून करवतात, पण पानं मोकळी करण्याआधी गड्डा बाईच्या हाताखालून जातो. मग तीन पाण्यांनी धुणं, कारण माती बुडाच्या घडीत बसलेली असते. धुणं चिरण्याच्या आधी, नंतर नाही.

एक किलोला दीडशे ग्रॅम मूगडाळ, अर्धा तास भिजवलेली. चार मध्यम कांदे, बारा-पंधरा लसणाच्या पाकळ्या ठेचून, सहा-सात हिरव्या मिरच्या, शंभर मिली शेंगदाण्याचं तेल. लसूण-मिरची तेलात तांबूस झाली की कांदा, मग डाळ, ती बोटाने मोडेल इतकी झाली की बारीक चिरलेली फोडशी. मीठ शेवटी घालायचं: पाला शिजून तिसऱ्या हिश्शाला येतो आणि आधी अंदाजाने घातलेलं मीठ हमखास जास्त होतं. बारा ते पंधरा मिनिटं, शेवटची पाच झाकण काढून.

पंधरा ताटांत प्रत्येकी दोन-तीन चमचेच आली. पहिल्यांदा रानभाजी खाणाऱ्याला तेवढीच द्यावी, पोटाला सवय नसते. एकाने विचारलं, "मावशी, एवढीशीच?" मावशीने त्याच्या ताटात दुसरी कळण्याची भाकरी वाढली आणि कोपऱ्यातल्या सुपाकडे बोट दाखवलं. सुपात फोडशीची एक जुडी, बुडासकट, पाण्याचा शिपका मारून ठेवलेली होती. जाताना ती प्रत्येक कुटुंबाला एकेक गड्डा देते, घरी नेऊन परत एकदा बूड पाहायला.